अवजाराची पारख

‘नाचतां येईना, अंगण वांकडें’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. आपल्या हातचें काम बिघडलें म्हणजे त्याचा दोष साधनावर ढकलणाऱ्या मनुष्याची तींत थट्टा आहे, आणि ती थट्टा योग्यच आहे. परंतु शाळेच्या बागेंत व विद्यार्थ्यांच्या शिबिरांत कांहीं वर्षें घालविल्यानंतर माझें मत असें झालें आहे कीं, या म्हणीची दुसरी बाजूहि विचारांत घेतली पाहिजे. पुष्कळदां अंगण सरळ असतें, नाचणाराहि मेहनती असतो; वांकडी असते ती त्याच्या हातांत दिलेली वस्तु. आणि ती वस्तु वांकडी निघाली, यांत विकणाराचा दोष थोडा व न पारखतां घेणाराचा फार असतो. म्हणून साधनांच्या निवडीविषयीं आपल्या वार्षिकांत चार शब्द लिहावे, असें मनांत आलें.

यंदा आपल्या शाळेंत शिबिरासाठीं व बागेसाठीं नवें साहित्य घ्यावयाचें ठरलें, तेव्हां वरच्या वर्गांतील कांहीं विद्यार्थ्यांकडे यादी करण्याचें काम सोंपविलें. दोन दिवसांत यादी तयार झाली. अक्षर सुवाच्य होतें. मोबाईलच्या पडद्यावरून पाहून प्रत्येक वस्तूची किंमतहि लिहिलेली होती. एका झटक्यासरशीं उघडणारा तंबू, पिसासारखी हलकी निजावयाची पिशवी, एका मुठींत अकरा हत्यारें मावणारा चाकू, घडीची खुर्ची, रंगीत दिव्यांची माळ, पाला उडविणारें यंत्र व गवत कापण्याचें यंत्र, असा तो थाट होता. मीं ती यादी दोनदां वाचली. तींत दोरी नव्हती, ताडपत्री नव्हती, मच्छरदाणी नव्हती, पाण्याचें पिंप नव्हतें, आणि बागेसाठीं साधें खुरपेंहि नव्हतें. विद्यार्थ्यांना नांवें ठेवण्याचा माझा हेतु नाहीं. अशीच यादी एके काळीं मींहि केली होती, आणि तिचें फळ माझ्याबरोबरच्या मुलांना भोगावें लागलें.

त्या गोष्टीला आतां बरींच वर्षें झालीं. त्या वेळीं मी दुसऱ्या एका शाळेंत होतों. सहामाही परीक्षा संपल्यावर, ऑक्टोबर महिन्यांत, आम्हीं घाटाखालच्या एका गांवाबाहेर नाल्याच्या कांठीं पडीक जमिनींत शिबिर भरविलें. तंबू नवे कोरे होते व त्यांची निवड सर्वस्वीं माझी होती. रंग सुंदर, वजन थोडें, बांधावयास सोपे. त्यांबरोबर आलेल्या मेखा वीतभर लांबीच्या व बोटापेक्षां बारीक होत्या. त्या अंगठ्यानें दाबल्या तरी जमिनींत जात, याचें आम्हांस मोठें कौतुक वाटलें. जी मेख अंगठ्यानें आंत जाते, ती वाऱ्यानें बाहेर येते, हें आम्हांस रात्रीं दहा वाजतां कळलें.

परतीचा पाऊस विजांच्या कडकडाटासह आला. पहिल्या पांच मिनिटांत दोन तंबू उडाले आणि उरलेले मुलांच्या अंगावर बसले. अंधार, चिखल, आरडाओरडा. आणि सर्वांत मिळून चालू स्थितींतले कंदील अवघे तीन. मुलें मोजलीं तों एक कमी. पुन्हा मोजलीं, तरी एक कमीच. अखेर पावतासानें तो मुलगा एका पडलेल्या तंबूच्या कापडांत गुरफटून हुंदके देत असलेला सांपडला. त्याला इजा झाली नव्हती. त्या पावतासांत माझ्या मनाची जी स्थिति झाली, ती लिहून दाखविण्याची माझी इच्छा नाहीं.

त्या रात्रीं आमच्या मदतीस आला तो शेजारच्या सोयाबीन निघालेल्या शेतांत मेंढ्या बसविणारा एक धनगर. त्याच्याजवळ होतें काय? एक जुनी ताडपत्री, दोन काठ्या, सुताची जाड दोरी, बाभळीच्या हातभर लांब खुंट्या, एक घोंगडी आणि एक कोयता. आमच्या सामानाच्या एक दशांश किंमतीचेंहि तें नसेल. पण तो व त्याचीं लेंकरें कोरडीं होतीं, आणि आम्ही भिजलेले होतों. त्यानें आम्हांस गांवांतल्या एका शेतकऱ्याच्या गोठ्यांत नेऊन पोंचविलें. जातांना तो माझ्या हातांतील मेख कंदिलाच्या उजेडांत उलटीसुलटी करून पाहत म्हणाला, “गुरुजी, ही कोणत्या जमिनीसाठीं केली असंल?” मला उत्तर देतां आलें नाहीं. साधनाच्या निवडींतला पहिला प्रश्न हाच आहे, हें मी त्याच्याकडून शिकलों.

आपल्या बुलढाणा जिल्ह्याचे तालुके तेरा. पण बोलतांना आपण जिल्ह्याचे दोनच भाग करितों, घाटावरचा आणि घाटाखालचा. हा भेद केवळ बोलण्यापुरता नाहीं. तो मेखेला कळतो, कुदळीला कळतो. अजिंठ्याच्या डोंगररांगेवर बुलढाणा-चिखलीकडे पुष्कळ ठिकाणीं मातीचा थर पातळ, त्याखालीं मुरूम आणि त्याखालीं काळा पाषाण. तेथें लांकडी खुंटी ठोकूं जाल तर तिचें डोकें फुटेल; तेथें लोखंडाची जाड, टोंकदार मेख व चांगला वजनदार हातोडा पाहिजे. उलट घाटाखालीं मलकापूर, नांदुरा, शेगांव, जळगांव जामोद या बाजूस पूर्णेच्या खोऱ्यांतील काळी जमीन. ती उन्हाळ्यांत मूठ शिरेल अशी भेगाळते व पावसांत लोण्यासारखी मऊ होते. तिच्यांतील चिकणमातीचे कण पाणी शोषून फुगतात आणि वाळले म्हणजे आकसतात. म्हणून दुपारीं तिनें घट्ट धरलेली बारीक मेख ती रात्रींच्या पावसांत खुशाल सोडून देते. अशा जमिनींत हातभर लांब व रुंद खुंटी तंबूच्या उलट बाजूस कलती ठोकावी. आणि आभाळ भरलें असेल तर तणाव्याचें टोंक एका धोंड्यास किंवा आडव्या लांकडास बांधून तो धोंडा वीत-दीडवीत खोल पुरून टाकावा. या युक्तीस एक पैसाहि पडत नाहीं. मात्र त्यासाठीं कुदळ बरोबर पाहिजे, आणि ती आमच्या यादींत नव्हती.

जमिनीनंतर ऋतूचा विचार. सुती कापडाचा तंबू जड असतो, हें खरें. पण पाऊस लागला म्हणजे त्याचे धागे फुगतात व वीण घट्ट होते. आंतून बोट लावलें नाहीं तर तो सहसा गळत नाहीं. त्याची सुती दोरी मात्र भिजली कीं आंखडते, आणि सैल केली नाहीं तर मेख उपटून काढते. म्हणून रात्रीं पावसाचा रंग दिसतांच तणावे थोडे ढिले करावे, असा जुन्या लोकांचा नियम आहे. नायलॉनची दोरी याच्या उलट. ती भिजली म्हणजे लांबते, तेव्हां तिचे तणावे ओढून घ्यावे लागतात. दोन्ही दोऱ्या चांगल्या. परंतु आपल्याजवळ कोणती आहे हें ज्याला ठाऊक नाहीं, त्याला दोन्ही सारख्याच वाईट. एप्रिल-मे महिन्यांत खामगांव-मलकापुराकडे उष्मा इतका असतो कीं बंद कापडी तंबूंत दुपारीं बसवत नाहीं. तेथें चारी बाजूंनीं मोकळी, उंच बांधलेली ताडपत्री आणि तिच्या वर कडुनिंबाची सावली, हाच उत्तम तंबू होय.

आतां निजण्याविषयीं. आमच्या विद्यार्थ्यांच्या यादींत निजावयाची पिशवी होती, मच्छरदाणी नव्हती. माझ्या मतें या एका चुकीसाठींच ती यादी परत करावयास हवी होती. आपल्याकडे नाग, मण्यार, घोणस व फुरसें असे चार विषारी साप प्रसिद्ध आहेत. यांपैकीं मण्यार रात्रीं फिरते, आणि जमिनीवर निजलेल्या माणसास चावते. तिचा दंश कधीं कधीं इतका कमी दुखतो कीं निजलेला जागाहि होत नाहीं. मग पापण्या जड होऊं लागतात व पुढें श्वास कोंडतो. खाट असेल तर खाटेवर निजावें. नसेल तर मच्छरदाणी लावून तिची कड सर्व बाजूंनीं अंथरुणाखालीं घट्ट खोंचावी. डांसांसाठीं घेतलेलें हें जाळीचें कापड सापालाहि अडवितें. त्याबरोबर प्रत्येकाच्या उशाशीं विजेरी पाहिजे आणि चालकासह एखादें वाहन व जवळच्या रुग्णालयाची वाट चालकास ठाऊक पाहिजे. कारण सर्पदंशावर औषध आहे तें रुग्णालयांतील प्रतिविष होय. जखम कापणें, तोंडानें चोखणें, करकचून दोरी बांधणें या गोष्टींनीं हित होत नाहीं, वेळ मात्र जातो. रंगीत दिव्यांची माळ विकत घेणाऱ्यांनीं आधीं या गोष्टी घेतल्या आहेत कीं नाहींत, हें एकदां पाहावें.

पाण्याचीहि गोष्ट अशीच. लोणारचें सरोवर पाहण्यास आपले विद्यार्थी नेहमीं जातात. उल्केच्या आघातानें काळ्या पाषाणांत झालेलें तें विवर, सुमारें पावणेदोन किलोमीटर रुंद. २०२० सालीं त्याची गणना आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांत झाली. एवढें मोठें पाणी समोर पाहून ‘येथें पाण्याची चिंता नाहीं’ असें कोणी समजेल तर फसेल. तें पाणी खारट व क्षारयुक्त आहे; पिण्याच्या उपयोगाचें नाहीं. कांठावर गोड्या पाण्याची धार आहे. पण चाळीस मुलांची तहान यात्रेकरूंच्या धारेवर सोंपविणें शहाणपणाचें नव्हे. तेथें झांकणाचें पिंप, ओगराळें आणि प्रत्येकाची बाटली हींच खरीं शिबिराचीं साधनें. तसेंच ज्ञानगंगेसारख्या अभयारण्याच्या आसपास गेल्यास चूल पेटविण्याचा विचारहि मनांत आणूं नये. शिदोरी बांधून न्यावी. अस्वलांच्या त्या रानांत, जेथें २०१९ सालीं टिपेश्वरचा एक वाघ शेंकडों कोस चालून येऊन पोंचला, तेथें आपण पाहुणे आहों. पाहुण्यानें घराला आग लागेल असें सामान बरोबर नेऊं नये.

येथें कोणी म्हणेल, “गुरुजी, एवढें सारें न्यावयाचें तर बैलगाडी लागेल.” हा आक्षेप बरोबर आहे, आणि त्याचें उत्तर आपल्या इतिहासांतच आहे. ज्या मराठी घोडेस्वारांच्या चपळाईनें बादशाही फौजा हैराण झाल्या, त्यांची ताकद हलक्या सामानांत होती. पुढें १७६१ च्या १४ जानेवारीस पानिपतावर जी फौज उभी राहिली, तिच्या पाठीशीं कुटुंबें, यात्रेकरू, बाजारबुणगे असा मोठा जमाव होता. रसद तुटली, आणि उपाशी पोटीं लढावें लागलें. पराभवाचीं कारणें अनेक आहेत, पण जड छावणी हें त्यांतील एक होय. उलट शेगांवाहून दर वर्षीं पंढरपुरास जाणाऱ्या श्रीगजानन महाराजांच्या पालखीबरोबरचे वारकरी पाहा. सुमारें महिनाभर पायीं चालावयाचें. पण खांद्यावर काय असतें? एक लहानशी पडशी, टाळ, पताका, पावसासाठीं एखादा कागद. बाकीचें सामान सर्वांचें मिळून एकत्र, आणि प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली. इंग्लंडांतील ब्राउनसी बेटावर १९०७ च्या ऑगस्टांत बेडन-पॉवेल यांनीं वीस-एक मुलांचें जें शिबिर भरविलें, व ज्यांतून पुढें बालवीर चळवळ निघाली, तेथेंहि मुलांचे लहान गट पाडून प्रत्येक गटावर त्याच्या कामाची जबाबदारी टाकली होती. सारांश, सामान माणशीं थोडें व गटास पुरेसें असावें. प्रत्येकाला अकरा हत्यारांचा चाकू देण्यापेक्षां दहा जणांत एक चांगला कोयता व तो वापरणारा एक शहाणा मुलगा अधिक उपयोगाचा.

शिबिर वर्षांतून चार दिवसांचें. अंगण बारा महिन्यांचें. म्हणून बागेच्या अवजारांकडे अधिक बारकाईनें पाहिलें पाहिजे. शाळेच्या आवारास व घरच्या परसबागेस लागणारीं अवजारें हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीं आहेत : निंदणीला खुरपें, गवताला विळा, खणावयास कुदळ व टिकाव, माती ओढावयास फावडें, वाहावयास घमेलें, पाण्यास झारी, फांद्यांस कोयता आणि झाडलोटीस खराटा. यांपैकीं बहुतेक वस्तु कोणत्याहि आठवडी बाजारांत मिळतात. पण पातळ पत्र्याचें, रंग दिलेलें खुरपें पहिल्याच धोंड्याला लागून वळतें, आणि मुलाला वाटतें आपल्यालाच निंदतां येत नाहीं. म्हणजे अंगण वांकडें म्हणावयाचीहि त्याला सोय राहत नाहीं.

आपल्या गांवांच्या वेशीबाहेर गाडीलोहारांचीं पालें पडतात, तीं तुम्हीं पाहिलीं असतील. चितोड १५६८ सालीं पडल्यावर आपले पूर्वज मेवाड सोडून निघाले, अशी या लोकांची परंपरा सांगते. पुरुष सांडशीनें तापलेलें लोखंड धरतो, आणि बाई उभी राहून घण घालते. मोटारीच्या कमानीचा जुना पाटा त्यांच्या भात्यांत लाल होतो आणि त्याचें खुरपें निघतें. हें लोखंड मुळांतच ओझ्याखालीं वांकून पुन्हा सरळ होण्यासाठीं केलेलें असतें; म्हणून त्याचें पातें टिकतें. पण खरी विद्या आहे ती पाणी देण्यांत. तापलेलें पातें पाण्यांत केव्हां बुडवावें व किती बुडवावें, यावर सारें अवलंबून. पाणी कमी पडलें तर धार बसते. अधिक झालें तर पातें कांचेसारखें तुटतें. ‘मोडेन पण वांकणार नाहीं’ हा बाणा मनुष्यास शोभत असेल. खुरप्यानें मात्र थोडें वांकावें आणि पुन्हा सरळ व्हावें. विद्यार्थिमित्रहो, ज्यांचें सारें आयुष्य राहुटींत जातें व ज्यांच्या हातून आपलीं अवजारें घडतात, त्यांच्याइतका या विषयांतला जाणता दुसरा कोण? आणि आपण मात्र यादी करतांना त्यांच्या पालावरून सायकलनें पुढें निघून जातों!

अवजार घेतांना कांहीं साध्या परीक्षा आहेत. पातें अधांतरीं धरून दुसऱ्या लोखंडानें हलकेंच ठोकावें. स्वच्छ नाद निघाला तर बरें, बद्द आवाज आला तर कोठें तरी चीर आहे असें समजावें. धारेवर कानस फिरवून पाहावी; ती लोण्यांत जाते तशी खोल गेली तर लोखंड मऊ आहे. मग दांडा पाहावा. त्याच्या रेषा एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत सरळ गेलेल्या असाव्या, मध्यें गांठ नसावी. धावडा व बाभूळ हीं लांकडें यासाठीं जुन्या काळापासून नांवाजलेलीं आहेत. टिकावाचा दांडा वरून घालतात व त्याचें वरचें टोंक जाड असतें, म्हणून फटक्यागणिक लोखंड घट्टच बसत जातें. कुऱ्हाडीचें तसें नाहीं. तिचें नेढें पाचरीवर अवलंबून. आपल्याकडच्या एप्रिलच्या कोरड्या हवेंत लांकूड आकसतें, पाचर सैल होते, आणि मग एखाद्या फटक्याबरोबर पातें सुटून जातें. एकदां वाळलेली फांदी तोडतांना माझ्यासमोर असें पातें उडालें व एका मुलीच्या पावलापासून वीतभर अंतरावर जाऊन रुतलें. ‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ’ ही म्हण ज्यानें केली, त्याचा अर्थ निराळा होता. पण सैल दांडा खरोखरच काळ होतो, हें मीं त्या दिवशीं पाहिलें. तेव्हांपासून हातीं घेण्यापूर्वीं दांडा हालवून पाहिल्यावांचून मी कोणास अवजार देत नाहीं.

हाताचें मापहि पाहिलें पाहिजे. पांचवीच्या मुलीला मोठ्या माणसाची कुदळ देणें व नववीच्या उंच मुलाला आंखूड दांड्याचें फावडें देणें, दोन्ही सारखेंच अविचाराचें. पहिली दहा मिनिटांत दमते, दुसऱ्याची अर्ध्या तासांत पाठ धरते; आणि दोघांनाहि बागकामाचा कंटाळा येतो. तो कंटाळा आळसाचा नसून मापाचा असतो.

आतां यंत्रांविषयीं. गवत कापण्याच्या यंत्राला माझा सरसकट विरोध नाहीं. ज्या शाळेचें मैदान दोन-तीन एकरांचें आहे, तेथें पावसाळ्यांत असें एक यंत्र पुष्कळ श्रम वांचवील. पण त्याचें पातें मिनिटास हजारों फेरे घेतें. आपल्या मुरमाड जमिनींतला खडा त्याला लागला तर तो गोळीसारखा सुटतो. म्हणून चालविणाऱ्याच्या डोळ्यांवर ढाल, पायांत जाड बूट, आणि इतर सर्वजण किमान पंधरा मीटर दूर, एवढी शिस्त असेल तरच तें घ्यावें. आणि तें विद्यार्थ्यांच्या हातीं मुळींच देऊं नये. शिवाय आपल्याकडे अंगण वर्षांतील सात-आठ महिने उघडें, कोरडें असतें. तेवढा काळ यंत्र कोपऱ्यांत पडून त्याच्या नळींत तेल गोठतें. अशी वस्तु दोन-तीन शाळांनीं मिळून घ्यावी, किंवा लागेल तेव्हां भाड्यानें आणावी. पाला उडविणाऱ्या यंत्राचें समर्थन मात्र मला कोणत्याहि बाजूनें सुचत नाहीं. तें पाला येथून उचलून तेथें टाकतें, आणि धूळ सर्वांच्या नाकांत. खराटा तोच पाला खड्ड्यापर्यंत नेतो, आणि पुढच्या वर्षीं त्याचें खत होतें.

कोणत्या कामाला काय लागतें, याचें सर्वांत चांगलें उदाहरण गाजरगवताचें. हें विदेशी तण १९५५ च्या सुमारास पुण्याजवळ दृष्टीस पडलें, आणि आज आपल्या जिल्ह्यांत असा रस्ता नाहीं जेथें तें नाहीं. एका झाडापासून हजारों बिया होतात. स्पर्शानें अंगाला खाज सुटते, परागानें कित्येकांस दम्यासारखा त्रास होतो. यंत्रानें तें वरून कापलें तर बुंध्यापासून पुन्हा फुटतें, आणि त्याचे कण मात्र चौफेर उडतात. त्यावर उपाय कोणता? जाड हातमोजे, नाका-तोंडास फडकें, एक बळकट खुरपें, आणि पाऊस पडून गेल्यानंतरची सकाळ. जमीन ओली असतां, फुलें येण्यापूर्वीं, मुळासकट उपटावें. येथें सर्वांत मोलाचें साधन खुरपेंहि नव्हे. योग्य दिवस ओळखणें हें होय. तें कोणत्याहि दुकानांत मिळत नाहीं.

यावरून ‘जुनें तें सोनें’ एवढेंच मी म्हणतों, असा समज कोणी करून घेऊं नये. कपाळावर बांधावयाची लहान विजेरी दोन्ही हात मोकळे ठेवते. अंधारांत मुलें मोजतांना ती मला शंभर कंदिलांच्या ठिकाणीं झाली असती. प्लास्टिकची ताडपत्री सुती ताडपत्रीपेक्षां पुष्कळ हलकी आहे. घोंगडी रिमझिम पावसाला उत्तम, पण मुसळधार पावसांत भिजली कीं लहान मुलाला ती उचलवत नाहीं. नवें-जुनें हा वादच येथें गैरलागू आहे. कोणतीहि वस्तु घेण्यापूर्वीं चार प्रश्न विचारावे : काम कोणतें? जमीन व ऋतु कोणता? ती वापरणार कोणाचा हात? आणि मोडली तर ती नीट कोण करील? शेवटचा प्रश्न सर्वांत कठीण आहे. ज्या वस्तूचा एक लहानसा खिळा तुटला कीं ती सबंध फेंकून द्यावी लागते, ती वस्तु आपण विकत घेत नाहीं. कांहीं दिवसांपुरती भाड्यानें घेतों, आणि भाडें मात्र सर्व किंमतीचें देतों. ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ हें वचन केवळ पैशांपुरतें नाहीं. गांवांत लोहार, सुतार, शिंपी कोण आहेत, हेंहि आपलें अंथरूणच आहे.

शेवटीं त्या यादीचें काय झालें तें सांगतों. मीं ती फाडली नाहीं. यादी करणाऱ्या विद्यार्थ्यांस मीं सांगितलें कीं, घरून व शेजारून मागून आणलेल्या वस्तूंवर एक रात्र शाळेच्या मैदानांत काढा, आणि दुसऱ्या दिवशीं उसन्या अवजारांनीं बागेचे दोन वाफे तयार करा. मग जी यादी कराल ती मी मान्य करीन. सकाळीं त्यांचे डोळे जागरणानें तांबडे झालेले होते व हातांना फोड आले होते. नव्या यादींत तेरा वस्तु होत्या. पहिली मच्छरदाणी, दुसरी दोरी. खुरप्यांपुढें कंसांत एका मुलानें लिहिलें होतें : ‘गाडीलोहाराकडून, समोर बसून.’ उरलेल्या पैशांतून अवजारें टांगण्यासाठीं भिंतीवर खुंट्या, एक कानस, थोडें तेल व एक नोंदवही घेतली. काम झालें कीं माती खरडून, पातें पुसून, तेलाचा हात फिरवून अवजार जागेवर टांगावयाचें, आणि वहींत सही करावयाची, एवढाच नियम आहे. तो कधीं कधीं मोडतो; मग दुसऱ्या दिवशीं त्या पात्यावरचा तांबडा गंज मोडणाऱ्याचें नांव वहीशिवायहि सांगतो.

विद्यार्थिमित्रहो, उद्यां तुमच्यापैकीं कोणी शेत करील, कोणी कारखान्यांत जाईल, कोणी दूरच्या शहरीं जाऊन राहील. अवजारें बदलतील, दुकानें बदलतील. पण दुकानाच्या दाराशीं उभें राहून ते चार प्रश्न विचारण्याची संवय ज्यानें येथें लावून घेतली, त्याला चित्र पाहून कोणी भुलविणार नाहीं. आणि कदाचित् एखाद्या पावसाळी रात्रीं, दुसऱ्याच्या मुलांची जबाबदारी तुमच्यावर असेल. त्या रात्रीं मुलें मोजतांना तुमची संख्या पहिल्याच वेळीं बरोबर भरावी, एवढीच माझी इच्छा आहे.